उपासना मेश्रामची दुर्बीण

मला बंदुकीची भीती वाटते, हे आधीच सांगून टाकते. दिवाळीत कोणी लवंगी लावली तरी मी कानात बोटं घालून आत पळणाऱ्यांतली. तरीही गेली दोन वर्षं, एप्रिल ते ऑक्टोबर, महिन्यातला एक शनिवार मी अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावापासून तासाभरावर, मक्याच्या शेतांमधल्या एका रायफल रेंजवर घडीच्या खुर्चीत बसून काढते. कानांवर मोठे मफ, डोळ्यांवर प्लास्टिकचा चष्मा आणि मांडीवर डबा. याला कारण एकच. उपासना मेश्राम.

आम्ही दोघी एकाच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतो. रक्ताच्या स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघायच्या, पेशी मोजायच्या, वेडंवाकडं काही दिसलं की डॉक्टरांना कळवायचं. मी पुण्याची, ती नागपूरची. मी तोंडाळ, ती कमी बोलणारी. पंधरा वर्षं शेजारच्या स्टुलावर बसून आमची मैत्री झाली, आणि मैत्री झाल्यावर कितीतरी दिवसांनी मला कळलं की ही बाई नेमबाज आहे. तेही तिने सांगितलं नाही. एकदा लॅबच्या पॉटलकला कोणीतरी डार्टचा खेळ आणला होता, तेव्हा हिने तीन बाण मधोमध लावले आणि निमूटपणे जाऊन पोहे वाढून घेतले. मग मी खनपटीला बसले.

नागपुरात बी.एस्सी. करताना ती एनसीसीत होती. तिथे पॉइंट टू टूची रायफल पहिल्यांदा हातात आली आणि पहिल्याच आठवड्यात सुभेदारसाहेबांनी तिला मुलींच्या रांगेतून बाहेर काढून वेगळं उभं केलं. दुसऱ्या वर्षी दिल्लीच्या राष्ट्रीय शिबिरासाठी तिची निवड झाली. शिबिराच्या तारखा आणि केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल एकाच आठवड्यात आलं. वडील ज्ञानदेव सरकारी छापखान्यात कंपॉझिटर, घरात कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस म्हणजे हीच. वडील म्हणाले, तू ठरव. तिने प्रॅक्टिकल दिलं. हे मला सांगताना तिच्या आवाजात कुणाबद्दल तक्रार नव्हती. मी मात्र हळहळले, आणि तिला तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "त्याच डिग्रीवर तर इथे बसून राहिली ना मी तुझ्या शेजारी!"

पुढे प्रितमशी लग्न झालं, तो डेटाबेसवाला, त्याच्या व्हिसावर दोघं अमेरिकेत आली. व्हिसावर असताना बंदूक ठेवता येत नाही, आणि आपल्या लोकांचं ग्रीन कार्ड किती वर्षं रांगेत उभं असतं ते नव्याने सांगायला नको. सिटिझनशिपची शपथ घेतली त्या वर्षी ती एकोणपन्नास वर्षांची होती. बाकीचे शपथेनंतर फोटो काढतात, जेवायला जातात. तिनेही ते सगळं केलं, आणि दुसऱ्या शनिवारी रायफलच्या सुरक्षेच्या वर्गात नाव घातलं. प्रितमने कपाळाला हात लावला. पण अडवलं नाही. तिजोरीसारखं लोखंडी कपाट त्यानेच तळघरात भिंतीला बोल्ट मारून बसवलं.

आता हा खेळ काय आहे ते सांगते, कारण मलाही तो कळायला एक अख्खा सीझन लागला. नुसतं उभं राहून नेम धरायचा असं नाही. घड्याळ सुरू झालं की पळायचं. दहा पावलांवर पुठ्ठ्याची टार्गेटं असतात, त्यांवर भराभर दोन दोन गोळ्या. मग पळत जाऊन एखाद्या फळीच्या भोकातून, नाहीतर पिंपाच्या आडोशाला गुडघे टेकून, तीनशे यार्डांवरच्या ताटाएवढ्या पोलादी चकत्या पाडायच्या. गोळी लागली की टण् असा आवाज उशिराने येतो. जो कमी वेळात, कमी चुकून सगळं संपवेल तो वर. उपासनाच्या गटात बहुतेक तरणेताठे पुरुष, एक-दोन पोलीस, आणि गॉर्डी नावाचा दुधाचा ट्रक चालवून रिटायर झालेला म्हातारा. त्यांत ही पाच फुटी बाई, केसांचा घट्ट अंबाडा घातलेली. पहिल्या वर्षी ती मधल्या नंबरांत यायची आणि फार खूश असायची.

मग बावन्न पूर्ण झाली आणि डोळ्यांनी कटकट सुरू केली. तिच्या रायफलवर लाल ठिपका दाखवणारं साधं यंत्र होतं. ठिपका टार्गेटवर ठेवायचा आणि चाप ओढायचा, इतकं सोपं. पण तिला तो ठिपका गोल दिसेना. डाळिंबाचा दाणा बोटाने चिरडावा तसा पसरट दिसायला लागला. डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, आजार वगैरे काही नाही, बुबुळाचा आकार जरा वाकडा आहे आणि वय आहे, एवढंच. काचेतली खूण बघायची असेल तर ठिपक्याऐवजी स्कोप लावा. म्हणजे छोटी दुर्बीण. एका टोकाला एक पट, म्हणजे दोन्ही डोळे उघडे ठेवून जवळचं साध्या नजरेसारखं बघता येतं. कडी फिरवली की सहा, आठ किंवा दहा पट मोठं, लांबच्यासाठी. आत एक खूण कोरलेली असते, ती टार्गेटवर न्यायची.

त्या दिवशी लॅबच्या पार्किंगमध्ये ती मला म्हणाली, "सुमेधा, ऑगस्टची मोठी मॅच ही मुदत मी ठरवून टाकली आहे. तोपर्यंत मला लांबचं नीट दिसायला लागलं तर ठीक. नाहीतर रायफल विकून टाकीन. चाचपडत, दुसऱ्यांचा वेळ खात खेळायचं नाही मला." मी म्हटलं, अगं हा खेळ आहे, एवढं काय. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. मी क्वचितच गप्प होते.

स्कोप कोणता घ्यायचा, हे प्रितमने ठरवलं. इथे मला थांबून प्रितमबद्दल दोन शब्द बोलायला हवेत, नाहीतर तुम्ही त्याला खलनायक समजाल. तो सोन्यासारखा माणूस आहे. फक्त त्याला काहीही घ्यायचं असलं की आधी एक्सेल शीट लागते. मिक्सर घेतला तो शीट करून. मिनीव्हॅन घेतली ती शीट करून. लेकीचं, उर्वीचं कॉलेजसुद्धा शीटमध्ये पहिलं आलं ते ठरलं होतं, पण तिने "बाबा, नो," एवढंच म्हणून दुसरं घेतलं. आपल्याकडच्या शिकल्यासवरल्या नवऱ्यांचा हा प्रेम करायचा एक प्रकारच आहे. फूल आणणार नाहीत, पण तुमच्या डिशवॉशरचे तीनशे रिव्ह्यू वाचतील.

स्कोपची शीट पाच आठवडे चालली. अडतीस कॉलम. वजन, काच, लांबी, बॅटरी, वॉरंटी, पाण्यात बुडवलं तर काय, कोणत्या यूट्यूबवाल्याने किती मार्क दिले. प्रत्येक कॉलमला वेगळं वेटेज. मला प्रिंट दाखवली होती त्याने, अभिमानाने. पहिला आला तो एक ते दहा पटीचा. "सहापर्यंतचेही आहेत," तो म्हणाला, "पण त्याच किमतीत दहा मिळत असताना सहा कोण घेईल, यार?" मीही मान डोलावली. मला तेव्हा कळतच काय होतं. अडतीस कॉलममध्ये उपासनाला त्यातून कसं दिसतं हा कॉलम नव्हता, हे माझ्याही लक्षात आलं नाही. घरी खोकं आलं, प्रितमने स्वतः व्हिडिओ बघून स्कोप बसवला, सरळ आहे का ते लेव्हल लावून तपासलं आणि तिच्या हातात दिला. ती म्हणाली, "छान आहे."

छान नव्हता. एप्रिलच्या मॅचला कडेला अजून बर्फ होतं, आणि मी खुर्चीत कुडकुडत बघत होते. जवळच्या टार्गेटांपुढे ती अडखळत होती. डोकं वर, डोकं खाली, गाल पुढे, गाल मागे. नंतर तिने मला सांगितलं की एक पटीवर आतली खूण केसासारखी बारीक होते, उन्हात सापडतच नाही. आणि दहा पटीवर डोळा नेमक्या जागी नसला की सगळा काळोख. पिंपाच्या आडून वाकडं बसून डोळा नेमका कुठून आणणार? मेमध्ये तर एका फेरीत तिचा वेळच संपला. चार चकत्या तशाच उभ्या राहिल्या. गॉर्डी तिच्या पाठीवर थोपटून "होतं असं, पुढच्या वेळी बघू" म्हणाला, आणि ती त्याला हसून थँक्यू म्हणाली. गाडीत बसल्यावर मात्र म्हणाली, "इतका चांगला स्कोप आहे. म्हणजे डोळेच गेले माझे."

आणि घरी? घरी प्रितमला ती "जमेल हळूहळू" असं सांगत होती. त्याने पाच आठवडे घालवले होते ना. त्याचं मन कसं मोडायचं. मला या गोष्टीचा फार संताप येतो, कारण मीही हेच करत आले आहे. नवऱ्याने आणलेली साडी, नवऱ्याने लावलेला घराच्या हीटरचा थर्मोस्टॅट, सगळं "छान आहे". आपणच छान म्हणतो आणि मग आपणच थंडीत कुडकुडतो.

जूनमधली गोष्ट. आमच्याकडे अनुष्का नावाची एक टेक्नॉलॉजिस्ट नवी लागली होती, मुलांसाठी दहा वर्षं घरी थांबून पुन्हा कामावर आलेली. सकाळी सकाळी ती तक्रार घेऊन आली, स्टेनची, म्हणजे पेशी दिसाव्यात म्हणून स्लाइडवर लावतात त्या रंगाची. "उपासना, स्लाइडचा स्टेन बिघडलाय बहुतेक. सगळं ब्लर दिसतंय. की माझाच चष्मा बदलायला हवा?"

उपासना उठली, तिच्या मायक्रोस्कोपशी गेली, डोळे लावून बघितलं आणि म्हणाली, "स्टेन चांगला आहे. तुझे डोळेही चांगले आहेत. आधीच्या शिफ्टच्या माणसाने हा स्वतःच्या डोळ्याला लावून ठेवलाय. दुसऱ्याच्या डोळ्याला लावलेल्या काचेतून कधी बघायचं नाही, अनुष्का. बसल्या बसल्या पहिल्यांदा स्वतःचा डोळा. मग स्लाइड."

हे वाक्य मी पंधरा वर्षांत पन्नास वेळा ऐकलंय. नव्या प्रत्येक माणसाला ती हेच सांगते. पण त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे, मी माझ्या स्टुलावरून जरा मोठ्यानेच विचारलं, "आणि तुझा स्कोप कुणाच्या डोळ्याला लावलाय गं?"

ती वळली. "मी डोळ्याजवळची रिंग फिरवून माझ्या नजरेला ॲडजस्ट केलाय तो. पहिल्याच दिवशी."

"रिंगचं नाही विचारत मी. निवडला कोणी? घेण्यापूर्वी त्यातून बघितलं कोणी? तू? मी? प्रितमने तरी?"

तिने हातमोजे काढले, कचऱ्यात टाकले, नवे घातले. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, जीभ जास्तच चालवली आपण. संध्याकाळी पार्किंगमध्ये ती माझ्या गाडीला टेकून उभी होती. "शनिवारी रिकामी आहेस?" तिने विचारलं. "दुकानात जायचंय. प्रितमला आत्ताच सांगू नको."

ते दुकान म्हणजे शिकार आणि मासेमारीच्या सामानाचं प्रचंड गोदाम. मी वही-पेन काढलं, तर म्हणाली, "ते ठेव आत." काउंटरवरच्या माणसाला तिने सांगितलं की एक ते सहा, एक ते आठ, जे जे आहेत ते मला बघायचे आहेत. माहितीचं पुस्तक नको, काचेतून बघायचे आहेत. तो माणूस भला होता. त्याने लाकडी डमी रायफल काढली आणि तिच्यावर एक एक स्कोप चढवून द्यायला लागला. मग आमच्या बाईसाहेबांनी जे केलं ते बघायला आजूबाजूची माणसं थांबली. मॅचचा चष्मा लावला. डमी कंबरेपाशी धरून डोळे मिटले. रायफल झटकन खांद्याला, गाल लाकडावर, आणि मग डोळे उघडले. उघडल्या उघडल्या पूर्ण चित्र दिसलं तर स्कोप बाजूला ठेवायचा. काळी कड दिसली, मान हलवून शोधावं लागलं, तर परत. मग गुडघ्यावर बसून तेच. मग कुत्र्यांच्या खाण्याच्या पोत्यांमागे वाकडी होऊन तेच. पार पलीकडे, गळांच्या रांगांवर टांगलेली बाहेर जाण्याची पाटी होती, ती तिचं टार्गेट होती.

सातातून तीन उरले. तेव्हा ती म्हणाली, आता उन्हात. काउंटरवाला तिन्ही स्कोप घेऊन आमच्याबरोबर दारात आला. ऐन दुपारचं ऊन, समोर पार्किंगच्या पांढऱ्या गाड्या चमकत होत्या. दोघांमधली खूण उजेडात विरून गेली. तिसऱ्यातली जाड होती, मधोमध लाल उजेड लागत होता, आणि तोही पसरट नव्हे, स्वच्छ. वजनालाही तोच हलका. एक ते सहा.

"फक्त सहा पट आहे हं," मी प्रितमच्या वतीने आठवण करून दिली.

"ताटाएवढी चकती सहा पट मोठी दिसली की पुरे आहे. दहा पट मोठा अंधार काय करायचाय मला?" असं म्हणून ती पुन्हा एकदा डोळे मिटून, उघडून बघायला लागली. मग तिने स्कोप खाली केला, आणि मला दिसलं की तिचे डोळे भरून आले आहेत. "सुमेधा," ती म्हणाली, "डोळे नाही गेले माझे." माझा जीव भांड्यात पडला. मीही रडले. काउंटरवाला बिचारा आम्हाला टिश्यू आणायला आत गेला.

प्रितमला सांगणं हे खरं अवघड काम. तेव्हा मी नव्हते, पण तिने मला जसं सांगितलं तसं सांगते. तिने आडवळण घेतलं नाही. जेवणं झाल्यावर दोन्ही स्कोप टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "तू आणलेला चांगला आहे. पण मला त्यातून दिसत नाही. पहिल्या दिवशी मी छान आहे म्हटलं, ते खोटं होतं. चूक माझी आहे." प्रितमचा चेहरा पडला. तो म्हणाला, "मग तीन महिने बोलली का नाहीस? मी शीटमध्ये काय चुकवलं?" ती म्हणाली, "शीट बरोबर होती रे. फक्त तिच्यात मी नव्हते." दोन दिवस तो तोंड पाडून फिरला. तिसऱ्या दिवशी तळघरात ती नवा स्कोप बसवायला बसली, तर हा खाली आला आणि टॉर्च धरून उभा राहिला. स्क्रू तिने स्वतः आवळले.

जुलैभर ती प्रत्येक रविवारी, विहारातली वंदना आटपली की, रेंजवर जायची. मीही दोनदा गेले. गोळीचा आवाज झाला की मी अजूनही उडते. पण ती कशी बसायची ते बघायला मला आवडायला लागलं होतं. गाल लाकडावर टेकायचा आणि तिथेच राहायचा. शोधाशोध संपली होती.

ऑगस्टच्या मॅचला प्रितम पहिल्यांदाच आला. डोक्यावर कसलीतरी मोठी टोपी, अंगभर डासांचा स्प्रे. सहा फेऱ्या होत्या. पहिल्या दोन बऱ्या गेल्या. तिसरीत ती पळताना घसरली, गुडघा खरचटला, वेळ गेला. पाचवीत एक चकती चुकली ती चुकलीच. मी मनातल्या मनात हिशेब करत होते की एवढ्याने ती रायफल विकेल की नाही. प्रितम नखं खात होता.

शेवटची फेरी सगळ्यात वाईट. जवळची सहा टार्गेटं पळत पळत, आणि मग एका बुटक्या फळीखाली कुशीवर आडवं पडून तीनशे यार्डांवरच्या पाच चकत्या. बऱ्याच धट्ट्याकट्ट्या पोरांनी तिथेच हात टेकले होते. घड्याळ वाजलं. जवळची सहा तिने दोन्ही डोळे उघडे ठेवून संपवली, मला मोजताही आलं नाही. मग ती फळीखाली शिरली, कुशीवर वळली, कडी फिरवली. टण्. गोळी आणि आवाज यांच्यामध्ये श्वास घ्यायला वेळ मिळतो, तेवढाच मी घेत होते. टण्. टण्. चौथी चुकली. पुन्हा मारली. टण्. पाचवी टण्. फळीखालून ती बाहेर आली तेव्हा अंबाडा सुटला होता आणि सगळ्या अंगाला माती होती. गॉर्डीने टोपी हवेत उडवली.

त्रेचाळीस जणांत ती सव्विसावी आली. हा काही मोठा नंबर नाही, मला माहीत आहे. पण एकाही फेरीत तिचा वेळ संपला नाही. पुढच्या सीझनसाठी नाव देण्याचा कागद फिरत होता, त्यावर तिने सही केली आणि पेन गॉर्डीकडे दिलं. कोणाला विचारलं नाही, आम्हा दोघांकडे बघितलंही नाही.

मॅच संपल्यावर रेंज सरावाला खुली झाली. रिकामी केलेली रायफल बाकावर मांडली होती, गोळी आत सरकवणारा बोल्ट उघडा, तोंड मातीच्या बांधाकडे. रेंज ऑफिसरला विचारून प्रितम म्हणाला, मला एकदा त्यातून बघू दे. टोपी काढून तो बाकाशी बसला, गाल टेकला, बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिला.

"अगं, पण हे तर आउट ऑफ फोकस आहे," तो म्हणाला. "ब्लर आहे सगळं. थांब, मी जरा रिंग फिरवून..."

"हात लावू नकोस," उपासना म्हणाली.

रागाने नाही म्हणाली, हसत होती ती. पण पंधरा वर्षांत तिला कुणाशीही असं बोलताना मी ऐकलं नव्हतं. प्रितमने रिंगेपर्यंत गेलेला हात मागे घेतला. उठून उभा राहिला, आणि तिला बसायला जागा करून दिली.

"बरं," तो म्हणाला. "तुला दिसतंय ना?"

ती बसली, गाल टेकला, आणि लांब मक्याच्या कडेला उभ्या असलेल्या त्या पाच चकत्यांकडे बघत म्हणाली, "दिसतंय."